औषध टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं?

मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा' या कल्पनेविषयी बोललो. त्यानंतर काही जणांनी लिहून कळवलं की उदाहरणं फार पुस्तकी होती. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घ्यायचं आणि शेवटपर्यंत त्याच्याबाहेर पडायचं नाही, असं ठरवून आलो आहे. उदाहरण आहे इस्पितळात भरून ठेवल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचं: त्यांची मुदत कशी ठरते आणि त्यातून होणाऱ्या बचतीचा हिशेब कसा मांडला जातो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्टही नाही. माझा विषय युक्तिवाद. एखाद्या विधानातून दुसरं विधान खरोखर निघतं का, एवढंच मी आयुष्यभर तपासत आलो. शिवाय या प्रश्नात मी तटस्थ नाही, तेही सांगून टाकतो. गेली काही वर्षं माझ्या उजव्या डोळ्यात हेच इंजेक्शन दिलं जातं. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि समोरच्या माणसाचा चेहराच तेवढा दिसेनासा होतो. ते थोपवणारं हे औषध. आमच्या इस्पितळात त्यासाठी एक वार ठरलेला असतो. त्या दिवशी दहाबारा जणांना एकदम बोलावतात, कारण एक बाटली उघडली की तिच्यातून सगळ्यांचं भागतं.

एकदा माझा वार चुकला. दोन दिवसांनी गेलो, तर मी एकटाच. सिस्टरांनी फ्रीजमधून भरलेली सिरिंज काढली. मी विचारलं, ही कधी भरली? त्या म्हणाल्या, "काका, काही काळजी करू नका. फ्रीजमध्येच होती. टिकतं ते औषध." इंजेक्शन झालं, डोळा ठीक आहे, माझी काही तक्रार नाही. पण रिक्षात बसल्यावर ते वाक्य मनातून जाईना. 'औषध टिकतं.' या दोन शब्दांत नेमकं काय सांगितलं गेलं? माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचं?

आता औषधाची थोडी हकीकत सांगायला हवी. बेव्हॅसिझुमॅब, बाजारातलं नाव अ‍ॅव्हास्टिन. जेनेनटेक कंपनीचं हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. डोळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. पण रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं, आणि डोळ्याच्या या विकारात तेच प्रथिन उपद्रवी असतं. 2005 मध्ये मायामीच्या बास्कॉम पामर नेत्रसंस्थेतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते थेट डोळ्यात देऊन पाहिलं, आणि गुण आला. त्याच कंपनीने त्याच घराण्यातलं, खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब हे औषध 2006 मध्ये बाजारात आणलं. दोन्हींची तुलना करणारी मोठी चाचणी अमेरिकेत सरकारी पैशातून झाली. सुमारे 1,200 रुग्ण होते, निष्कर्ष 2011 मध्ये आले. दृष्टीच्या बाबतीत दोन्ही औषधं सारखीच ठरली. किमती मात्र सारख्या नव्हत्या: एका डोसला एकीकडे सुमारे 2,000 डॉलर, दुसरीकडे सुमारे 50. दर महिन्याला एक डोस धरला तर वर्षाचे 24,000 डॉलर आणि 600 डॉलर, एवढा फरक.

हे 50 डॉलर आले कुठून? बाटलीच्या आकारातून. कर्करोगासाठीच्या लहान बाटलीत 4 मिलिलिटर द्रावणात 100 मिलिग्रॅम औषध असतं. डोळ्याला लागतं 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 मिलिलिटर. कागदावर एका बाटलीचे 80 डोस होतात. सुई-सिरिंजमध्ये अडकून राहणारं आणि काढताना जास्त घ्यावं लागणारं औषध वजा केलं की प्रत्यक्षात बरेच कमी होतात, तरी पुष्कळ होतात. पण बाटलीवर लिहिलेलं असतं की ती एकदाच वापरायची. या औषधात जंतू रोखणारा, टिकवणारा कसलाही पदार्थ घातलेला नसतो. म्हणजे सगळी बचत एका कृतीवर उभी आहे: बाटली उघडायची, छोट्या छोट्या सिरिंज भरायच्या, त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि काही दिवस वापरायच्या. किती दिवस? त्या उत्तरावर बचतीचा आकडा ठरतो.

इथे एक लेखनप्रकार आपल्यासमोर येतो आणि आज मला त्याचीच समीक्षा करायची आहे. कथा-कादंबरीची समीक्षा करतो तशीच. रुग्णालयीन औषधशास्त्राच्या नियतकालिकांत असे निबंध सतत येतात. औषध बदलतं, सांगाडा तोच. पहिली पायरी: औषध महाग आहे आणि उरलेलं फेकावं लागतं. दुसरी: आम्ही ते सिरिंजमध्ये भरून अमुक तापमानाला ठेवलं. तिसरी: अमुक दिवसांनी मूळ औषधाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त शिल्लक होतं. चौथी: म्हणून ते तितके दिवस वापरता येईल आणि वर्षाला इतके पैसे वाचतील. यातल्या बहुतेक निबंधांचं मोजमाप चोख असतं, हे मी आदराने म्हणतो. माझी शंका तिसऱ्या आणि चौथ्या पायरीमधल्या त्या 'म्हणून'बद्दल आहे.

आधी तिसरी पायरी नीट पाहू. 2006 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सोफी बाकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरिंजमध्ये भरलेलं बेव्हॅसिझुमॅब फ्रीजमध्ये ठेवून वेळोवेळी तपासलं. औषध आपलं काम, म्हणजे त्या प्रथिनाला पकडण्याचं काम, किती करतं हे त्यांनी मोजलं. तीन महिन्यांनी सुमारे 9 टक्के घट, सहा महिन्यांनी सुमारे 16 टक्के. नव्वद टक्क्यांची रूढ रेषा या दोन आकड्यांच्या मधून जाते. म्हणजे तीन महिन्यांचं औषध उत्तीर्ण, सहा महिन्यांचं नापास. हा निष्कर्ष उपयोगी आहे. सारख्या सिरिंजमध्ये, सारख्या तापमानाला दुसऱ्या कुणी हाच प्रयोग केला तर साधारण असंच दिसावं, कारण प्रथिनाचं विघटन हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे. स्वभावाबद्दल थोड्या नमुन्यांवरून बोलता येतं. भाताचं एक शीत दाबून भात शिजला की नाही हे कळतं, ते याच कारणाने.

पण हे मोजमाप सिरिंजमध्ये जंतू आहे की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. तो त्याचा प्रश्नच नव्हता. जंतू शिरणं हा औषधाचा स्वभाव नाही, ती एक घटना आहे. एखाद्या दिवशी, एखाद्या हाताने, एखाद्या सिरिंजमध्ये ती घडते किंवा घडत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'मध्ये पदार्थाच्या स्वभावातून येणारं आणि योगायोगाने घडणारं, असा भेद केला आणि योगायोगाचं शास्त्र होत नाही असं म्हटलं. तोच भेद इथे फ्रीजमध्ये ठेवलेला आहे.

लोणच्याचं उदाहरण घ्या. 'लोणचं वर्षभर टिकतं' असं आपण म्हणतो. मीठ, तेल, आंबटपणा, सगळं त्या वाक्याला आधार देतं. आणि मग कुणीतरी बरणीत ओला चमचा घालतं. आठ दिवसांत बुरशी. आता 'लोणचं टिकतं' हे विधान खोटं ठरलं का? नाही. त्यात एक अट न बोलता गृहीत धरली होती, ती मोडली. आणि लोणच्याला निदान मिठाचं संरक्षण असतं. या इंजेक्शनात तेही नाही. घरात ती अट सगळ्यांना माहीत असते, म्हणून बोलावी लागत नाही. इस्पितळात ती बोलावीच लागते.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या चुकीला अचूक नाव दिलं आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती बरोबर. 'जिथे अग्नी तिथे धूर' ही चूक, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग स्वयंपाकघरात आपल्याला दोन्ही एकत्र का दिसतात? कारण तिथे ओलं सरपण असतं. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात: जी अट गुपचूप हजर असते आणि जिच्यामुळे संबंध नसताना तो आहेसा वाटतो. आता आपला निबंध वाचा. 'जिथे फ्रीजमध्ये ठेवलेली तीन महिन्यांच्या आतली सिरिंज, तिथे वापरण्याजोगं औषध.' यातली उपाधी कोणती? तर भरताना जंतू शिरला नाही ही. संशोधकांनी सिरिंज काळजीपूर्वक, चांगल्या व्यवस्थेत भरलेल्या असतात. त्यामुळे प्रयोगात ही अट पुरी होते आणि पुरी होते म्हणूनच दिसत नाही. तोच निबंध वाचून लहान गावातल्या दवाखान्यात सिरिंज भरल्या जातात. आकडा तिथे पोचतो. ती खोली, तो हवेचा प्रवाह, तो सराव पोचत नाही.

कुणी म्हणेल, मग जंतूंचीही तपासणी करा की! करतात. पण इथे शिताची युक्ती चालत नाही. 2015 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या 11 औषधालयांनी भरलेल्या बेव्हॅसिझुमॅबच्या 21 सिरिंज तपासल्या गेल्या. 17 सिरिंजमध्ये प्रथिनाचं प्रमाण मूळ औषधापेक्षा कमी आढळलं. जंतू एकातही नाही. पहिलं निरीक्षण बोलकं आहे: टिकाऊपणाचे निबंध प्रयोगशाळेत जे दाखवतात ते बाजारात जसंच्या तसं मिळत नाही. दुसऱ्या निरीक्षणाचं वजन किती? हिशेब करून पाहू. समजा, खरोखर शंभरात एक सिरिंज दूषित आहे. डोळ्याच्या बाबतीत हे प्रमाण भयंकर झालं. तरीही 21 सिरिंज तपासल्यावर एकही दूषित न सापडण्याची शक्यता सुमारे 81 टक्के. आणि हजारात एक दूषित असेल तर? सुमारे 98 टक्के वेळा तपासणी म्हणेल, सगळं स्वच्छ आहे. दोष अभ्यासकांचा नाही, दुर्मिळ घटनेचा स्वभावच तो. प्रथिन कमी झालं हे 21 सिरिंज सांगू शकतात. जंतू नाही हे त्या सांगू शकत नाहीत. जंतू सापडला नाही एवढंच सांगू शकतात.

म्हणून ज्यांना हे काम कळतं ते सिरिंजपेक्षा ती भरण्याची रीत तपासतात. औषधाऐवजी जंतूंना आवडणारं पोषक द्रावण घेतात. त्याच माणसाने, त्याच टेबलावर, त्याच हालचालींनी ते सिरिंजमध्ये भरायचं आणि चौदा दिवस उबेत ठेवायचं. गढूळ झालं तर माणसाच्या हाताची परीक्षा नापास. औषध यात कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

हाच विचार अमेरिकेच्या औषधसंहितेच्या 797 क्रमांकाच्या प्रकरणात आहे. निर्जंतुक औषधं तयार करण्याचे नियम त्यात दिलेले असतात. 1 नोव्हेंबर 2023 पासून लागू झालेल्या आवृत्तीत काय म्हटलंय पाहा. नुसत्या वेगळ्या राखलेल्या जागेत, पूर्ण स्वच्छ कक्षाशिवाय भरलेलं इंजेक्शन: खोलीच्या तापमानाला जास्तीत जास्त 12 तास, फ्रीजमध्ये 24 तास. रीतसर स्वच्छ कक्षात, सगळे घटक निर्जंतुक घेऊन भरलेलं, पण जंतूंची वेगळी चाचणी न केलेलं: खोलीत 4 दिवस, फ्रीजमध्ये 10 दिवस. औषध रासायनिकदृष्ट्या त्याआधीच बिघडत असेल तर मुदत आणखी कमी. तेच औषध, तीच सिरिंज, तोच फ्रीज. एका ठिकाणी एक दिवस, दुसऱ्या ठिकाणी दहा. मग ही मुदत औषधाची की खोलीची? प्रयोगशाळा म्हणते तीन महिने, खोली म्हणते एक दिवस. दोघंही खरं बोलतात, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. घोटाळा होतो तो 'टिकतं' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे. शिवाय 'नव्वद टक्के शिल्लक' ही मोजणी पहिल्या प्रश्नाला चालते. नव्वद टक्के निर्जंतुक असं काही नसतं.

हा शब्दांचा खेळ नाही. 2011 च्या जुलैमध्ये मायामी परिसरात 12 जणांच्या डोळ्यांत हेच इंजेक्शन घेतल्यावर जंतुसंसर्ग झाला. सगळ्या सिरिंज एकाच औषधालयात भरलेल्या होत्या. बहुतेकांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. जंतू होते स्ट्रेप्टोकॉकस जातीचे, माणसाच्या तोंडात एरवी निरुपद्रवी राहणारे. आणि पुढच्याच वर्षी त्याहून मोठा प्रसंग घडला. औषध वेगळं होतं: पाठीच्या कण्याजवळ दिलं जाणारं एक स्टिरॉइड. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरमध्ये ते तयार झालं, त्यात बुरशी होती. 20 राज्यांत 753 जण आजारी पडले, 64 दगावले. त्यानंतर 2013 मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. या दोन्ही ठिकाणी कुणी म्हणालं असतं, 'औषध टिकतं', तर ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचं ठरलं असतं का? ते स्टिरॉइड बहुधा उत्तम टिकलं असावं. बुरशीही टिकली.

आता चौथी पायरी, बचत. इथे माझे आक्षेप दोन बाजूंनी आहेत आणि दोन्ही मांडल्याशिवाय समीक्षा न्याय्य होणार नाही.

पहिली बाजू. या निबंधांत बचत मोजायची रीत ठरलेली असते: न फेकलेल्या औषधाची किंमत गुणिले सिरिंजची संख्या. स्वच्छ कक्ष, त्याची देखभाल, माणसांचं प्रशिक्षण, हाताच्या त्या परीक्षा, हे सगळं हिशेबात नसतं, कारण मोठ्या इस्पितळात तो खर्च आधीच झालेला असतो. छोट्या ठिकाणी तो झालेला नसतो. म्हणजे ज्या खर्चामुळे बचत शक्य झाली तोच वगळून बचत मोजली जाते. दुसरं असं की, बचत कुणाची? इंजेक्शन घेणारा डोळा माझा. जोखीम माझी. वाचलेले पैसे माझ्या बिलात दिसले, तर जोखीम आणि लाभ एकाच माणसाकडे आले. मग निदान मला विचारून हा सौदा करता येतो. पैसे इस्पितळाच्या किंवा विमा कंपनीच्या खात्यात राहिले, तर एकाची जोखीम आणि दुसऱ्याची बचत झाली. आकडा दोन्हीकडे तोच असतो. नैतिकदृष्ट्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'वर्षाला इतकी बचत' या वाक्यात तो फरक नाहीसा होतो.

दुसरी बाजू. हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग एवढी झंझट कशाला, लेबलवर 'एकदाच वापरा' लिहिलंय ना, उरलेलं फेकून द्या. सावधगिरी म्हणून हे ऐकायला बरं वाटतं. पण ही सावधगिरी फुकट नसते. महागडं औषध न परवडल्यामुळे ज्याची दृष्टी हळूहळू गेली, त्याची साथरोग म्हणून चौकशी होत नाही. त्याचे बारा जण एका दिवशी एका इस्पितळात येत नाहीत. ते आपापल्या घरी, आपापल्या खाटेवर असतात. दूषित सिरिंजची हानी डोळ्यांसमोर येते, न दिलेल्या इंजेक्शनची येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये बेव्हॅसिझुमॅबला डोळ्याच्या विकारासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एवढ्या किमतीच्या फरकापुढे ते योग्यच होतं.

शिवाय सुरक्षिततेची भाषा कोण बोलतंय हेही पाहावं लागतं. 2014 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने रोश आणि नोव्हार्टिस या कंपन्यांना मिळून 18 कोटी युरोंहून जास्त दंड केला. ठपका असा की, महाग औषध खपावं म्हणून स्वस्त औषधाचे डोळ्यातले धोके संगनमताने वाढवून सांगितले. कंपन्यांनी तो अमान्य केला, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. इंग्लंडमध्येही ईशान्य भागातल्या 12 आरोग्यगटांनी रुग्णांना स्वस्त औषधाचा पर्याय द्यायचं ठरवलं, तेव्हा बायर आणि नोव्हार्टिस न्यायालयात गेल्या आणि 2018 मध्ये हरल्या. म्हणजे 'धोका' हा शब्दही तितकाच सैल वापरता येतो, जितका 'टिकतं'.

आणखी एक गोष्ट या लेखनप्रकारात कुणी विचारत नाही: बाटलीचा आकार कुणी ठरवला? निबंध सुरूच होतो तो 'उरलेलं औषध फेकावं लागतं' इथून, जणू उरणं हा निसर्गनियम आहे. 2016 मध्ये पीटर बाक आणि सहकाऱ्यांनी 'बीएमजे'मध्ये कर्करोगाच्या 20 औषधांचा हिशेब मांडला. अमेरिकेत एका वर्षात फेकल्या जाणाऱ्या औषधाची किंमत त्यांच्या अंदाजाने 1.8 अब्ज डॉलर. काही औषधं दुसऱ्या देशांत लहान बाटल्यांत मिळत होती आणि अमेरिकेत मोठ्याच. बॉर्टेझोमिब तिकडे 3.5 मिलिग्रॅमच्या बाटलीत, तर ब्रिटनमध्ये 1 मिलिग्रॅमचीही. बाटली ही कंपनीने घेतलेल्या निर्णयाची वस्तू आहे. तो निर्णय नीट असता तर इस्पितळाच्या मागच्या खोलीत सिरिंज भरत बसायची पाळी पुष्कळदा आली नसती. डोळ्यासाठी वेगळं बनवलेलं बेव्हॅसिझुमॅब युरोपात मंजूर झालं ते 2024 मध्ये, रोझेनफेल्ड यांच्या पहिल्या प्रयोगानंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

आपल्याकडे या सगळ्याची झलक 2016 मध्ये दिसली. गुजरातमध्ये हे इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली. जानेवारीत केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला. नेत्रतज्ज्ञांनी जोरदार हरकत घेतली आणि काही आठवड्यांत इशारा मागे घेतला गेला. बाटली बनावट असल्याची शंकाही तेव्हा व्यक्त झाली होती. आता बघा, प्रश्न किती होते: औषध मुळात चालतं का, बाटली खरी होती का, भरताना काळजी घेतली का, भरल्यावर किती वेळ ठेवली? चार प्रश्न, चार वेगळी उत्तरं, चार वेगळे जबाबदार. लोकांच्या तोंडी मात्र आधी एक वाक्य होतं, 'हे इंजेक्शन धोक्याचं', आणि नंतर दुसरं, 'हे इंजेक्शन सुरक्षित'. दोन्ही वाक्यांत ते चार प्रश्न बुडाले.

तर या लेखनप्रकाराकडून माझी अपेक्षा काय? थोडकी आहे. एक, मुदतीचे दोन आकडे वेगळे छापा: रसायनाचा आणि रीतीचा. दुसऱ्यापुढे खोलीचं वर्णन हवंच. वापराची मुदत म्हणून लहान आकडा धरा. दोन, बचतीतून ती खोली आणि ते हात चांगले ठेवण्याचा खर्च आधी वजा करा, मग उरेल तिला बचत म्हणा. तीन, उरलेली बचत कुणाच्या खिशात गेली ते एका ओळीत सांगा. एवढं केलं तर तो 'म्हणून' टिकेल.

वेळ झाली आहे. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एक बाई: सर, हे सगळं पटलं. पण पेशंटने करायचं काय? डॉक्टरांना असं विचारलं की त्यांना राग येतो. आणि आम्हाला त्यातलं कळतंय काय?)

ताई, प्रश्न योग्य आहे. भीती बाळगून इंजेक्शन टाळू नका, हे आधी सांगतो. न घेतल्याने होणारं नुकसान जवळजवळ नक्की असतं, घेतल्याने होणारं फार दुर्मिळ. आणि विचारायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. तीनच प्रश्न आहेत: ही सिरिंज कधी भरली, कुठे भरली, आणि कोणत्या बाटलीतून भरली याची नोंद आहे का? दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी द्यायचं असेल तर चौथा: दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या खेपेच्या आहेत ना? एक खेप बिघडली तर दोन्ही डोळे एकदम धोक्यात येऊ नयेत म्हणून चांगले डॉक्टर स्वतःच ही काळजी घेतात. रागाचं म्हणाल, तर 'औषध चांगलं आहे का?' असं विचारलं की राग येतो, कारण त्यात अविश्वास असतो. 'नोंद दाखवता का?' यात तो नसतो.

मी पुढच्या खेपेला विचारलं. त्याच सिस्टर होत्या. त्या आत गेल्या आणि एक नोंदवही घेऊन आल्या. बाटलीचा क्रमांक, उघडल्याची वेळ, भरणाऱ्याचं नाव, त्या बाटलीतून किती सिरिंज झाल्या, शिल्लक किती नष्ट केल्या, सगळं लिहिलेलं होतं. म्हणजे उत्तर होतं, आधीपासून होतं. मला मिळालं होतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. मी त्यांना तसं म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "काका, एवढं कुणी विचारतच नाही हो."

विचारत चला.